फोन मराठीत केला की ॲप का बिघडते? कॉटलिनमधल्या नेहमीच्या अडचणी आणि उपाय

वासोणा (सिल्वासा) : बिलाचे ॲप इंग्रजी फोनवर नीट चालते, गुजराती फोनवर चालते, हिंदी फोनवरही चालते. दुकानदाराने फोनची भाषा मराठी केली की मात्र रक्कम भरताच ॲप बंद पडते. तो ॲप बनवणाऱ्या पोराला फोन करतो आणि उत्तर मिळते, "काका, फोन इंग्रजीत ठेवा, मग काही होणार नाही." वासोणा, खानवेल, तलासरी, वापी या पट्ट्यात हे उत्तर अनेकांच्या ओळखीचे आहे. दोष खरे तर फोनचा नसतो, मराठीचाही नसतो. कोडच्या एक-दोन ओळी चुकलेल्या असतात आणि त्या दुरुस्त करायला अर्धा तास पुरतो.

अँड्रॉइड ॲपसाठी आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कॉटलिन या भाषेत मराठी मजकूर आणि आकडे हाताळताना येणाऱ्या अडचणी, त्यांची कारणे आणि उपाय इथे एकत्र दिले आहेत. फंक्शनांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कोड लिहिताना ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच लिहायची.

कॉटलिन म्हणजे काय?

कॉटलिन ही जेटब्रेन्स या कंपनीने २०११ मध्ये जाहीर केलेली भाषा. तिची १.० आवृत्ती फेब्रुवारी २०१६ मध्ये आली. मे २०१७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी तिला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून अँड्रॉइडच्या नव्या सोयी आधी कॉटलिनचा विचार करून देण्याचे धोरण जाहीर केले. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गजवळच्या एका बेटावरून तिचे नाव पडले. ती जावाच्या पायावर चालते, त्यामुळे जावाच्या सोयी तिला आयत्या मिळतात आणि जावाच्या खोडीही.

सीमाभागात ही अडचण जास्त का?

दादरा व नगर हवेलीच्या एका बाजूला गुजरातचा वलसाड जिल्हा आहे आणि दुसऱ्या बाजूला महाराष्ट्राचा पालघर. २६ जानेवारी २०२० पासून दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश आहे. एकाच बाजारात मराठी, गुजराती, हिंदी, वारली, कोकणी कानावर पडते. त्यामुळे इथल्या कोणत्याही ॲपला पहिल्या दिवसापासून तीन-चार भाषांचे फोन भेटतात. ॲप मात्र बहुतेकदा एकाच भाषेच्या फोनवर तपासलेले असते.

अडचण १ : रक्कम भरली की ॲप बंद पडते

हे मूळ दुखणे आहे, म्हणून आधी तेच पाहू.

जगभरच्या भाषांचे आकडे, तारखा, वर्णक्रम यांचे नियम युनिकोड संस्थेच्या सीएलडीआर या कोशात ठेवलेले असतात. फोन तेच वापरतो. या कोशात मराठीसाठी ठरलेले आकडे देवनागरी आहेत : ०, १, २, ३. नेपाळीसाठीही तसेच. हिंदी आणि गुजरातीसाठी मात्र इंग्रजी वळणाचे आकडे ठरलेले आहेत. म्हणून 'भारतीय भाषेत तपासून पाहिले' असे म्हणत फोन हिंदीत किंवा गुजरातीत टाकणाऱ्याला काहीच बिघाड दिसत नाही. फटका बसतो तो मराठी फोनवाल्याला.

आता कोडमध्ये काय घडते ते पाहा. कॉटलिनमध्ये आकडा मजकुरात घालायच्या दोन पद्धती आहेत. डॉलरचे चिन्ह लावून आकडा थेट वाक्यात घातला, तर तो नेहमी इंग्रजी आकड्यांतच येतो. 'फॉरमॅट' फंक्शनने घातला, तर ते फोनची भाषा बघते आणि मराठी फोनवर देवनागरी आकडे देते. एकाच पडद्यावर वरची रक्कम एका लिपीत आणि खालची दुसऱ्या लिपीत दिसते, त्याचे कारण हेच.

इथवर गोष्ट फक्त दिसण्याची आहे. खरी मोडतोड उलट प्रवासात होते. 'फॉरमॅट'ने बनवलेला '१२.५०' हा मजकूर पुन्हा आकडा करण्यासाठी 'टूडबल' फंक्शनकडे दिला, की ते त्याला आकडा मानत नाही, 'नंबर फॉरमॅट एक्सेप्शन' ही चूक फेकते आणि ॲप बंद पडते.

गंमत अशी की पूर्ण संख्येसाठी असलेल्या 'टूइंट'ला देवनागरी आकडे कळतात. '१२' दिले तर ते बारा ओळखते. '१२.५०' दिले की 'टूडबल' अडखळते. तपासणी करणारा शंभर, दोनशे असे गोल आकडे टाकून बघतो आणि सगळे ठीक दिसते. पुढे दुकानात कोणी साडेबारा रुपयांची वस्तू घेतली, की बिल अडकते.

उपाय असे :

- साठवायचा, सर्व्हरला पाठवायचा किंवा पुन्हा वाचायचा आकडा 'फॉरमॅट'ने बनवताना पहिला घटक म्हणून 'लोकेल डॉट रूट' स्पष्ट द्यावा. मग फोनची भाषा कोणतीही असो, आकडे इंग्रजी वळणाचेच येतात.
- माणसाला दाखवायचा आकडा वेगळा बनवावा. त्यासाठी आयसीयूचा 'नंबरफॉरमॅट' मराठी लोकेल देऊन वापरावा. तो '१,२५,०००' असे लाखाच्या पद्धतीने स्वल्पविरामही देतो.
- भाषा मराठी पण आकडे इंग्रजी वळणाचे हवे असतील, तर लोकेलच्या नावापुढे आकड्यांची निवड जोडता येते : 'एमआर-आयएन-यू-एनयू-लॅट्न'. हे 'फॉर लँग्वेज टॅग' या फंक्शनला द्यायचे.
- वापरणाऱ्याने टाइप केलेला आकडा वाचण्याआधी धुऊन घ्यावा. मजकुरातल्या प्रत्येक चिन्हासाठी 'इझडिजिट' खरे असेल तर 'डिजिटटूइंट'ने त्याची किंमत घ्यावी, नाहीतर चिन्ह तसेच ठेवावे आणि शेवटी सगळे जोडावे. ही एक ओळ देवनागरी, गुजराती, इंग्रजी तिन्ही आकडे एकसारखे करते. कॉटलिन १.५ पासून ती वापरता येते.

अडचण २ : 'टूडबलऑरनल' लावले, तरी ॲप पडते

चूक फेकू नये म्हणून बरेच जण 'टूडबलऑरनल' वापरतात. आकडा वाचता आला नाही तर ते 'नल' म्हणजे 'काहीच नाही' असे उत्तर देते. इथपर्यंत बरोबर. पण पुढे कॉटलिन अडवते, कारण 'नल' असू शकणारी किंमत थेट वापरू द्यायची नाही, हा तिचा मूळ नियम आहे. ही अडवणूक टाळण्यासाठी घाईत दोन उद्गारचिन्हे (!!) लावली जातात. त्यांचा अर्थ असा, की 'इथे किंमत नक्की आहे, मी हमी देतो.' हमी खोटी ठरली की 'नल पॉइंटर एक्सेप्शन' येते आणि ॲप पुन्हा बंद.

उपाय म्हणजे दोन उद्गारचिन्हांऐवजी प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखे दोन टिंब (?:) वापरणे. डावीकडे किंमत असेल तर ती मिळते, नसेल तर उजवीकडे दिलेला पर्याय.

मात्र पर्याय म्हणून डोळे झाकून शून्य लिहू नये. बिलाच्या ॲपमध्ये न वाचलेली रक्कम शून्य धरली, तर ॲप पडणार नाही, पण हिशेब चुकेल आणि तो चुकलाय हे महिनाअखेरीपर्यंत कळणारही नाही. अशा जागी पर्याय एकच : तिथेच थांबावे आणि 'रक्कम पुन्हा भरा' असे मराठीत सांगावे.

अडचण ३ : सर्व्हर तारीख घेत नाही, नकाशा उघडत नाही

कारण वरचेच आहे. 'सिंपलडेटफॉरमॅट'ला फोनचे चालू लोकेल दिले, की मराठी फोनवर तारीख '२०२५-०८-०२' अशी देवनागरी आकड्यांत बनते. सर्व्हर ती नाकारतो. अर्ज भरणाऱ्याला फक्त 'काहीतरी चुकले' एवढेच दिसते आणि तो नाव, पत्ता, आधार क्रमांक पुन:पुन्हा तपासत बसतो.

नकाशाचेही तसेच. सिल्वासाचे स्थान साधारण २०.२७ उत्तर अक्षांश आणि ७३.०१ पूर्व रेखांश. हे दोन आकडे 'फॉरमॅट'ने दुव्यात घातले, तर मराठी फोनवर दुवा देवनागरी आकड्यांचा होतो आणि नकाशा भलतीकडे जातो किंवा उघडतच नाही.

उपाय : यंत्राने वाचायच्या तारखेसाठी 'लोकलडेट'चे साधे 'टूस्ट्रिंग' वापरावे. ते भाषेकडे बघत नाही. जुना 'सिंपलडेटफॉरमॅट' ठेवायचाच असेल तर त्याला 'लोकेल डॉट रूट' द्यावे. दुव्यातले अक्षांश-रेखांश डॉलर पद्धतीने घालावेत. 'शनिवार, २ ऑगस्ट' अशी तारीख फक्त पडद्यावर दाखवण्यापुरती बनवावी, ती साठवू नये.

अडचण ४ : 'नावात फक्त अक्षरे लिहा' असे सांगून ॲप नाव नाकारते

नावाच्या रकान्यात आकडे येऊ नयेत म्हणून प्रत्येक चिन्ह 'इझलेटर' आहे का, असे तपासले जाते. 'कमल' हे नाव यातून पास होते, 'सीता' नापास होते. कारण युनिकोडच्या हिशेबी 'स' आणि 'त' ही अक्षरे आहेत, पण दीर्घ वेलांटी आणि काना ही 'जोडचिन्हे' आहेत, अक्षरे नाहीत. अनुस्वार आणि हलन्तही जोडचिन्हेच. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर यांतले काहीही नावात असले की ॲप हात वर करते. मराठीत असे काही नसलेली नावे किती सापडतील?

उपाय : तपासणीत अक्षर-वर्ग आणि चिन्ह-वर्ग दोन्ही चालतील असे लिहावे. शिवाय मोकळी जागा, टिंब, आणि 'झिरो विड्थ जॉइनर' (युनिकोडचा दशमान क्रमांक ८२०५) व 'झिरो विड्थ नॉन-जॉइनर' (८२०४) ही न दिसणारी दोन चिन्हेही चालू द्यावीत. ती मराठी टायपिंगमध्ये खरोखर वापरली जातात.

इथे आणखी एक फसगत होते. नियमित पदावलीत, म्हणजे रेगेक्समध्ये, 'कोणताही आकडा' सांगणारे चिन्ह संगणकावरच्या जावात फक्त इंग्रजी आकडे धरते. अँड्रॉइड फोनवर तेच चिन्ह सगळ्या लिप्यांचे आकडे धरते. त्यामुळे मोबाइल नंबरची तपासणी संगणकावर एक उत्तर देते आणि फोनवर दुसरे. फोन नंबर, पिनकोड अशा जागी 'शून्य ते नऊ' हा पल्ला स्पष्ट लिहावा आणि त्याआधी आकडे वर सांगितल्याप्रमाणे धुऊन घ्यावेत.

अडचण ५ : अक्षरे चुकीची मोजली जातात, नाव मध्येच तुटते

'वासोणा' या शब्दात अक्षरे किती? शाळेतले मूल तीन सांगेल : वा, सो, णा. कॉटलिनचे 'लेंग्थ' सहा सांगते, कारण ते व, काना, स, ओकार, ण, काना असे सुटे मोजते. 'महाराष्ट्र'मध्ये आपण चार अक्षरे मोजतो, 'लेंग्थ' दहा मोजते. 'श्री' हे एकच अक्षर, 'लेंग्थ'ला ते चार वाटते.

याचे परिणाम रोज दिसतात. संपर्कयादीत नावाचे पहिले अक्षर गोलात दाखवायला 'फर्स्ट' वापरले, तर 'ज्ञानेश्वर'चा 'ज' होतो आणि 'क्षितिजा'चा 'क'. लांब नाव कापायला 'टेक' वापरले, तर कधी शेवटी पाय मोडका 'क्' उरतो, कधी मात्रा गळून 'सो'चा 'स' होतो. शब्द उलटा करणारे 'रिव्हर्स्ड' तर काना-मात्रा आधी आणि अक्षर नंतर टाकते.

उपाय : अँड्रॉइड ७ पासून फोनमध्येच असलेला आयसीयूचा 'ब्रेकइटरेटर' वापरावा. त्याचा 'कॅरेक्टर इन्स्टन्स' घेऊन मजकूर त्याच्या खुणांवर तोडावा, म्हणजे काना-मात्रा आपल्या अक्षराला धरून राहतात.

जोडाक्षरांबाबत मात्र सावध असावे. 'ष्ट्र' हे एक धरायचे की ष्, ट्, र असे तीन, याचा नियम युनिकोडमध्ये नंतर बदलला. देवनागरी, गुजराती, बंगाली आदी लिप्यांतली जोडाक्षरे एकत्र धरण्याचा नियम सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्यामुळे फोन किती जुना आहे त्यावर 'महाराष्ट्र'चे उत्तर चार किंवा सहा येऊ शकते. सगळीकडे एकच उत्तर हवे असेल, तर तुकडे केल्यावर एक फेरी स्वतः मारावी : एखादा तुकडा हलन्ताने संपत असेल आणि पुढचा व्यंजनाने सुरू होत असेल, तर दोन्ही जोडावेत.

एका जागी 'लेंग्थ'च बरोबर आहे, ती म्हणजे एसएमएस. इंग्रजी एसएमएस १६० चिन्हांचा असतो. त्यात एक जरी देवनागरी चिन्ह आले, तरी मर्यादा ७० वर येते आणि संदेश अनेक भागांचा झाला की प्रत्येक भाग ६७ चिन्हांचा. ही मोजणी काना-मात्रा सुटे धरूनच होते. एसएमएसचे पैसे भागांवर लागत असतील, तर हा हिशेब आधी करावा.

अडचण ६ : नाव यादीत आहे, पण शोधून सापडत नाही

रेशन, शाळा, पतपेढी, कुठल्याही यादीत 'तुमचे नाव नाही' हे उत्तर माणसाला घरी परत पाठवते. कधी कधी नाव यादीत असते, पण संगणकाच्या लेखी वेगळे असते. मराठीत याची तीन मुख्य कारणे आहेत.

*पहिले, अर्ध्या रफाराचा 'ऱ'.* 'वऱ्हाड' दोन-तीन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड थेट 'ऱ' हे एक चिन्ह देतात (क्रमांक २३५३). काही 'र'ला खाली नुक्ता जोडतात (२३५२ आणि २३६४). काही 'र', हलन्त आणि न दिसणारा जॉइनर देतात. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, 'इक्वल्स'ला ते वेगळे शब्द वाटतात.

पहिले दोन प्रकार 'नॉर्मलायझर'च्या 'एनएफसी' रूपाने एक होतात. तिसरा होत नाही. त्यासाठी 'र + हलन्त + जॉइनर' हा क्रम शोधून त्याजागी 'ऱ + हलन्त' घालावा लागतो. न दिसणारी चिन्हे काढायची ती याच्यानंतर. क्रम उलटा झाला, तर जॉइनर गेल्यामुळे 'दऱ्या'चा 'दर्या' होतो आणि 'आचाऱ्यांना' दिलेला पगार 'आचार्यांना' जातो.

*दुसरे, 'ॲ'.* हे चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या नोंदींत हिंदी वळणाचा 'ऍ' किंवा 'अ'वर चंद्र जोडलेला असतो. हे तिन्ही 'एनएफसी'नेही एक होत नाहीत, स्वतःच बदलून घ्यावे लागतात.

*तिसरे, अनुस्वार.* 'पंडित' आणि 'पण्डित', 'आनंद' आणि 'आनन्द'. शोधण्यापुरते ङ्, ञ्, ण्, न्, म् यांच्यापुढे त्यांच्याच वर्गातले पहिले चारपैकी व्यंजन असेल, तर त्याजागी अनुस्वार धरावा. 'जन्म', 'अन्य' यांना हात लावू नये.

हे सगळे बदल मूळ नावावर कधीही करू नयेत. मूळ नाव माणसाने लिहिले तसेच राहू द्यावे आणि तेच छापावे. शेजारी 'शोध-नाव' असा वेगळा रकाना ठेवून बदललेले रूप त्यात साठवावे. शोधणाऱ्याने लिहिलेला शब्दही त्याच फंक्शनमधून काढून मग जुळवावा.

अडचण ७ : गुजरातीत लिहिलेले नाव मराठीत शोधायचे आहे

सीमाभागात हे रोजचे आहे. वापीच्या कागदावर नाव गुजरातीत, तलासरीच्या कागदावर देवनागरीत. इथे युनिकोडची रचना उपयोगी पडते. भारतीय लिप्यांचे तक्ते 'इस्की' या भारतीय मानकावरून घेतल्यामुळे अक्षरांचा क्रम सगळ्यांत सारखा आहे. देवनागरी तक्ता २३०४ पासून सुरू होतो, गुजराती २६८८ पासून. फरक ३८४. देवनागरी 'व' २३५७ वर आहे, गुजराती 'व' २७४१ वर.

म्हणून गुजराती अक्षराच्या क्रमांकातून ३८४ वजा केले, की तेच देवनागरी अक्षर मिळते. शोध-नाव बनवताना गुजरातीतून देवनागरीत येणे सोपे, कारण जवळपास प्रत्येक गुजराती अक्षराला जागा आहे. उलटे जाताना 'ऱ' आणि 'ॲ' यांच्या जागी गुजरातीत काहीच नाही, चौकोन उमटतो. ते आधी 'र' आणि 'ऍ' करून घ्यावे लागतात. दंडाचे चिन्ह गुजरातीतही देवनागरीचेच वापरतात, त्यात भर घालू नये. अँड्रॉइड १० पासून आयसीयूचा 'ट्रान्सलिटरेटर' हेच काम तयार करून देतो.

गावांच्या नावांना मात्र कोणताही नियम पुरत नाही. सिल्वासा, सिलवासा आणि बोलीतले सेलवास ही एकच जागा. उंबरगाव आणि उमरगामही तसेच. याला उपाय एकच, पर्यायी नावांचा छोटा तक्ता. तो संगणकावर बसून बनत नाही, गावातल्या माणसांना विचारून बनवावा लागतो.

अडचण ८ : यादीचा क्रम विचित्र लागतो

साधे 'सॉर्टेड' युनिकोड क्रमांकावर यादी लावते. 'ॲ'चा क्रमांक २४१८ आणि 'ह'चा २३६१, त्यामुळे 'ॲ'ने सुरू होणारी सगळी नावे 'ह'च्याही मागे, यादीच्या तळाला जातात. शोधणारा वर बघतो, नाव दिसत नाही आणि तो नवी नोंद करतो. मग एकाच माणसाची दोन खाती होतात.

उपाय : 'कोलेटर'ला मराठी लोकेल द्यावे आणि 'सॉर्टेडविथ'मध्ये तो कोलेटर घालावा. यादी मराठी नियमाने लागते.

अडचण ९ : मात्रा आणि रफार कापले जातात

इंग्रजीसाठी मापून ठेवलेल्या ठरावीक उंचीच्या चौकटीत देवनागरीचा वरचा रफार किंवा खालचा उकार कापला जातो. मजकुराच्या चौकटीला ठरावीक उंची देऊ नये, मजकुराप्रमाणे वाढू द्यावी. बटणावर 'सेव्ह'च्या जागी 'जतन करा' येणार, हे धरून रुंदीतही सैलपणा ठेवावा. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हवे असतील तर मजकुराला 'टेक्स्ट लोकेल' मराठी द्यावे. फॉन्टमध्ये सोय असेल तर तो मराठी वळण वापरतो, नाहीतर हिंदी वळण दिसते.

आयफोन आणि फ्लटरवाल्यांसाठी

स्विफ्टमध्ये 'काउंट' मुळातच काना-मात्रा धरून अक्षरे मोजते, त्यामुळे अडचण ५ तिथे बरीच हलकी होते. तारखेसाठी 'डेटफॉरमॅटर'ला फोनचे लोकेल दिले तर देवनागरी आकड्यांचा घोळ तिथेही होतो. यंत्राच्या तारखेला 'इएन-यूएस-पॉसिक्स' हे लोकेल द्यावे. फ्लटरच्या डार्टमध्ये 'लेंग्थ' कॉटलिनसारखेच सुटे मोजते, तिथे 'कॅरेक्टर्स' हे पॅकेज वापरावे. 'इंटल' पॅकेजचे 'नंबरफॉरमॅट' मराठीत देवनागरी आकडे देते, म्हणून ते फक्त पडद्यापुरते ठेवावे.

ॲप लोकांच्या हाती देण्याआधी

१. फोनची भाषा मराठी करून संपूर्ण ॲप एकदा चालवा. हिंदी किंवा गुजराती करून ही तपासणी होत नाही. अँड्रॉइड १३ पासून एकट्या ॲपची भाषाही बदलता येते.
२. रक्कम '१२.५०' अशी देवनागरीत आणि इंग्रजीतही भरून बघा.
३. सीता, ज्ञानेश्वर, वऱ्हाडे, ॲनी ही चार नावे नोंदवा, शोधा, क्रमाने लावा आणि पहिले अक्षर तपासा.
४. आजच्या तारखेचा एक अर्ज सर्व्हरवर पाठवा आणि तिथे तारीख कोणत्या आकड्यांत पोहोचली ते बघा.
५. कोडमध्ये 'फॉरमॅट' आणि दोन उद्गारचिन्हे कुठे कुठे आहेत ते शोधा. प्रत्येक 'फॉरमॅट'पाशी विचारा, हा मजकूर माणूस वाचणार की यंत्र?
६. दोन सारखे दिसणारे शब्द जुळत नसतील, तर प्रत्येक चिन्हाचे 'कोड' छापून क्रमांक बघा. फरक लगेच सापडतो.

आणि ॲप वापरणाऱ्यांसाठी : मराठी फोनवर एखादे ॲप पडत असेल, तर फोनची भाषा बदलून गप्प बसू नका. ॲप बनवणाऱ्याला 'माझा फोन मराठीत आहे आणि दशांश रक्कम भरल्यावर ॲप बंद पडते', एवढे नेमके वाक्य कळवा. चूक शोधायला त्याला तेवढे पुरते.